अंबातुमैंतीचं फसफसणारं पाणी

“अजून एक राहिला. डावीकडे, बुडाशी.”

मी मान वर केली नाही. पोटऱ्यांपर्यंत ऊन पाण्यात उभी, कमरेत वाकलेली, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत चिंब, पाठीवर जुलैतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला, गार भुरभुर पाऊस... आणि हा कोण प्राणी मघापासून कठड्यावर बसून माझ्या बाटलीतले फुगे मोजत होता?

“दिसतोय मला,” मी म्हणाले.

“मग ओतून टाका. आधीच्याही ओतल्यातच की.”

मी ओतली. त्यानं सांगितलं म्हणून नव्हे, ओतायलाच हवी होती म्हणून.

माझं काम सांगायला सोपं आहे. विहिरीचं, झऱ्याचं पाणी घ्यायचं आणि जमिनीतल्या दगडांतून त्यात आपोआप किती रेडियम, किती रेडॉन उतरलाय ते मोजायचं. रेडॉन म्हणजे वायू. बाटलीत हवेचा एवढासा फुगा राहिला, तरी तो पाण्यातून निसटून त्या फुग्यात जाऊन बसतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून बाटली पाण्याखाली भरायची, झाकणही पाण्याखालीच लावायचं. साध्या विहिरीवर हे डोळे मिटून जमतं. पण अंबातुमैंतीचा हा झरा! याचं पाणी जमिनीतून येतानाच सोड्यासारखं फसफसत येतं. फुगा नको म्हणावं तर पाण्यात पाणी कमी आणि फुगेच जास्त.

“तुम्हाला काही कामधंदा नाही का?” मी शेवटी विचारलं.

“आहे ना. हा झरा सांभाळायचा.”

मी वर पाहिलं. गवती टोपी, खांद्यावर जाडी शाल, हातात उकडलेला कसाव्याचा कंद. हसला तेव्हा पुढच्या दाताचा टवका उडालेला दिसला.

“म्हणजे दवाखान्यानं सांगितलेले दिंबी तुम्हीच?”

“मीच. आंत्सिराबेच्या दवाखान्यातून निरोप होता, तानाहून कुणी तज्ज्ञ येणार म्हणून. मला वाटलं, चष्मा लावलेले, पोट सुटलेले एखादे गृहस्थ येतील.”

“निराशा झाली?”

“चष्म्याची तेवढी झाली.”

मी पुन्हा पाण्यात हात घातला. या वेळी बाटली थेट तळाशी नेली, जिथून पाणी उसळतं त्या भेगेच्या जरा बाजूला, श्वास रोखून धरली... आणि भरली! एकही फुगा नाही. मी झाकण फिरवणार, तोच तो कठड्यावरून उडी मारून उतरला.

“झाकण लावू नका.”

“का?”

त्यानं क्षणभर टोपी सारखी केली. “फादी आहे. इथलं पाणी कोंडून न्यायचं नाही. पूर्वजांनी घालून दिलंय. उघडं न्या हवं तर.”

उघडं! मला रडावं की हसावं कळेना. पण फादी म्हटलं की वाद संपतो. मी राजधानीत, तानात वाढले, विज्ञान शिकले, तरी आमच्याही घरात रात्री कुणी नखं कापत नाही. पूर्वजांशी कोण भांडणार? मी ती बाटली — आयुष्यातली सगळ्यात सुंदर बाटली — परत झऱ्यात ओतली.

“मग मी मोजू कसं?” मी ओरडलेच.

“इथंच मोजा,” तो म्हणाला. “मी कुठं नको म्हणतोय?”

*

तर मी इथंच मोजायला लागले.

म्हणजे काय, ते सांगते. यंत्र शिवणयंत्राएवढं जड. आंत्सिराबेतल्या खोलीवरून ते उचलायचं, पूसपूसमध्ये, म्हणजे माणसानं ओढायच्या रिक्षात, मांडीवर घ्यायचं, खडकाळ रस्त्यावर ओढणाऱ्याची आणि माझी हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि पुढच्या चिखलातून बैलगाडीनं गावात पोचायचं. संध्याकाळी तेच उलट. शिवाय रोज तानाहून आमच्या रांद्रिया साहेबांचा फोन.

“साहुली, सीलबंद नमुना कुठं आहे? रेडियम काय फोनवरून मोजू?”

“साहेब, फादी आहे.”

“सगळ्या बेटावर फादी आहे. बाकीच्यांचे नमुने कसे येतात?”

आणि तो दिंबी! या माणसानं मला वात आणला. झऱ्याला लागूनच त्याच्या वडिलांनी बांधलेलं विटांचं न्हाणीघर होतं. आत दगडी हौद, बुटका दरवाजा, खिडकी एकही नाही, आणि वाफ एवढी की समोरचा माणूस दिसू नये. संधिवाताच्या म्हाताऱ्या कुठून कुठून तिथं शेकायला यायच्या. दिंबी पहाटेपासून आत बसून त्यांचे हौद भरायचा, पाणी बेताचं करायचा, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकायचा. मी दारात यंत्र मांडलं की हा बाहेर यायचाच.

यंत्रात ओलावा जाऊ नये म्हणून नळीत निळे दाणे भरलेले असतात. दमट हवा लागली की ते गुलाबी होतात. तिथल्या वाफेत बघता बघता व्हायचे.

“लाजलं बघा तुमचं यंत्र,” तो म्हणाला.

“लाजलं नाही. ओलं झालंय.”

“कुणाकडे बघून लाजलं, पण?”

“दिंबी, ती नळी धरा आणि गप्प बसा.”

त्यानं नळी धरली. पाण्यात राहून राहून त्याच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, आणि माझी बोटं गारठून निळी. नळी देता-घेता ती एकमेकांना लागली... तो खरंच गप्प बसला. आणि मी त्याच्यावरच चिडले.

ते दाणे पुन्हा निळे करायला कढईत भाजावे लागतात. कढई त्याच्या आईची. सगळं गाव तिला राझाफी नेनी म्हणतं, म्हणून मीही. सकाळी कोळशाच्या शेगडीवर ती तांदळाच्या पिठाचे मुफु गासी करून विकायची.

“माझ्या कढईत हे काय भाजतेस, पोरी?”

“यंत्राचं औषध आहे, नेनी.”

“यंत्र आजारी, झरा आजारी. आणि हा माझा मुलगा तीन वेळा जेवायचा तो एकदा जेवतोय. त्याचं औषध काय?”

“नेनी!” बाहेरून दिंबीचा आवाज आला.

म्हाताऱ्यांना तर माझा आकडा म्हणजे झऱ्याचा ताप वाटायचा. हौदातून उठून, शाल गुंडाळून, ओल्या पायांनी यंत्राभोवती जमायच्या. “आज किती ताप?” मी आकडा सांगायचे. “कालच्यापेक्षा उतरला गं!” आणि समाधानानं पुन्हा पाण्यात. यातलं काही खरं नव्हतं. पण समजावून सांगायला जावं तर दिंबी त्यांच्या मागे उभा राहून इतक्या गंभीरपणे मान डोलवायचा की मलाच हसू फुटायचं.

परत जाताना पूसपूसमध्ये मात्र मी स्वतःशी कबूल करायचे... सकाळी केस नीट बांधायला मला आता जास्त वेळ लागत होता.

*

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. पाणी फसफसतं, म्हणजे रेडॉन पाण्यातून बाहेर पडतो. मग पडून जातो कुठं?

मी यंत्र उचललं आणि न्हाणीघराच्या आत, दिंबीच्या स्टुलाशेजारी, दिवसभर ठेवून दिलं. आता पाणी नाही, हवा मोजायची.

संध्याकाळी आकडा पाहिला आणि दाणे बदलून पुन्हा मोजायला लावलं. दुसऱ्या दिवशीही तोच आकडा. घरात जेवढा चालतो त्याच्या कितीतरी पट.

म्हाताऱ्या आंघोळ करून घरी जात. त्यांना फारसं काही होणार नव्हतं. पण पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्या कोंदट खोलीत एकच माणूस श्वास घेत होता.

“तुमच्या आधी इथं कोण बसायचं?” मी विचारलं.

“वडील.”

“ते... कशानं गेले?”

“खोकल्यानं.” मग माझा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, “तंबाखूही ओढायचे ना. फार ओढायचे.”

मी सगळं सांगितलं. हा वायू दिसत नाही, वास येत नाही. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाला वाईट. उपाय अगदी साधा — भिंती फोडा, समोरासमोर मोठ्या खिडक्या काढा, वारा खेळू द्या. पाण्याला काही करायला नको.

“आणि वाफ?”

“वाफ जाईल.”

“वाफ गेली की लोक जातील. इथं सकाळी दहिवर गोठतं, बाई. उघड्यावर कोण कपडे काढेल?”

“आणि तुम्हीच गेलात तर?”

जीभ चावावी असं वाटलं. त्यानं हातातलं घंगाळं खाली ठेवलं.

“गेलो तर... काय?”

“तर झरा कोण सांभाळणार!” मी म्हणाले आणि यंत्राच्या वायरी उगाच गुंडाळायला लागले.

तो हसला नाही. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, “वडिलांनी एकेक वीट स्वतः भाजली होती. बघतो.”

‘बघतो’! मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. त्या दिवशी मी निरोपही न घेता निघाले.

*

दुसऱ्या दिवशी आंत्सिराबेचा बाजार होता. गाजरं घ्यायला मी एका दुकानापाशी थांबले, तर बटाट्याच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग. आत पाणी. काचेला चिकटावेत तसे आतून बारीक बारीक फुगे चिकटलेले.

“हे काय?”

“अंबातुमैंतीचं पाणी, ताई. पोटाला हलकं. घ्या एक.”

“याला तर झाकण आहे!”

दुकानातल्या बाईनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “झाकण नको? सगळा फेस जाईल की. राझाफी नेनी स्वतः घट्ट लावून देते. किती वर्षं विकतेय मी.”

मी एक बाटली घेतली, गाजरं तिथंच राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पूसपूसवाल्याला मी इतकी घाई लावली की शेवटी तो म्हणाला, “ताई, तुम्ही ओढता का? मी बसतो आत.”

दिंबी न्हाणीघराच्या दारात उभा होता. मी ती बाटली त्याच्यासमोर धरली.

“कुठल्या पूर्वजानं सांगितलं होतं? नाव सांगा.”

त्याचा चेहरा पडला. “ऐकून तर घ्या...”

“नाव!”

“कुणीच नाही.” त्यानं टोपी काढून हातात घेतली. “माझ्या मामाच्या गावी असाच झरा होता. बाहेरून माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. मग एक दिवस कुंपण आलं. का, ते कुणी सांगितलं नाही. अजून कुणाला ठाऊक नाही. मला वाटलं, जे मोजायचं ते सगळ्यांसमोर मोजलं जावं. घाबरलो होतो. तोंडाला आलं ते बोललो.”

“मग तसं सांगायचं! मी ऐकलं नसतं?”

“पहिल्या दिवशी मी तुम्हाला ओळखत नव्हतो.”

“आणि नंतर?”

“नंतर ओळखायला लागलो,” तो हळूच म्हणाला. “तेव्हा भीती नव्हती. पण बाटल्या भरून दिल्या असत्या, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी निघून गेला असतात.”

ऐकून बरं वाटलं, नाही म्हणत नाही. त्यामुळे राग आणखीच वाढला.

“साहेब रोज मला फोनवर सोलून काढताहेत! ते धूड उचलून माझे खांदे मोडले! पूर्वजांच्या नावावर खोटं बोललात तुम्ही, आणि मला सगळ्यांसमोर मूर्ख बनवलंत.”

आतून राझाफी नेनी आली ती झारा घेऊनच. “फादी? माझ्या झऱ्याला? कुणी लावली?” आणि उत्तराची वाट न बघता तिनं झारा मुलाच्या पाठीत घातला. हौदातल्या म्हाताऱ्या मान बाहेर काढून ऐकत होत्या.

मी इथं आणून ठेवलेले कॅन एकामागून एक भरले. रेडियमला फुग्यांचं काही नसतं. झाकणं इतकी आवळली की हात सोलवटले.

“निदान कॅनची पेटी तरी उचलू द्या,” तो म्हणाला.

“हात लावू नका.”

पेटी मला उचलेना. मी ती चिखलातून बैलगाडीपर्यंत ओढत नेली आणि तो टोपी हातात घेऊन मागे मागे येत राहिला. एकदाही मदतीला पुढे झाला नाही. मी बजावलं होतं म्हणून! असा आज्ञाधारकपणा तरी कशाला हवा माणसाला?

*

रेडियमचा नमुना डब्यात हवाबंद करून काही आठवडे नुसता ठेवून द्यावा लागतो. त्याची पुढची पिढी, म्हणजे रेडॉन आणि त्यापासूनची मूलद्रव्यं, आत तयार होऊन स्थिरावली की मगच मोजणी. घाई करता येत नाही. मी ते शंभरदा शिकवलंय इतरांना. या वेळी मात्र रोज जाऊन त्या डब्यांकडे बघत बसायचे.

दिंबी फोन करायचा. मी घ्यायचे नाही. करत होता तेव्हा राग यायचा. मग एके दिवशी त्यानं करायचं थांबवलं, तेव्हा त्याहून जास्त आला.

निकाल लागला. रेडियम अगदी थोडं, पाणी प्यायला चांगलं. रांद्रिया साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “पाठवून दे दवाखान्याला.”

“मीच देऊन येते. हवा पण पुन्हा मोजायला हवी.”

“हो, हवा,” ते म्हणाले. “हवा बदल चांगलाच असतो म्हणतात.”

गावात पोचले तर लांबूनच कुणीतरी ओरडलं, “आली बघा! हिच्यामुळे आमच्या पाठी गारठल्या!”

न्हाणीघराच्या दोन्ही भिंतींना मोठमोठी भगदाडं होती. खिडक्या म्हणायचं धाडस होणार नाही अशी, वर रुंद, खाली तिरकी. आरपार डोंगर दिसत होता. वारा आत शिरून वाफ घेऊन पळत होता, आणि हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या मोजक्या म्हाताऱ्या दिंबीच्या नावानं बोटं मोडत होत्या. दिंबी चुन्यानं माखलेल्या हातांनी स्टुलावर बसून शिंकत होता.

“हे कधी केलंत?” माझा आवाज भलताच बारीक निघाला.

“तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“अहवाल आला नव्हता अजून!”

“तुम्ही विचारलं होतं ना, मी गेलो तर काय. मला त्याचं उत्तर तुमच्याकडून ऐकायचं होतं.” तो शिंकला. “तोवर जिवंत राहायला नको?”

“किती वाकड्या फोडल्यात भिंती,” मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. तो घाबरून उभा राहिला. हात चुन्याचे, म्हणून डोळे पुसायला शाल पुढे केली, तर तीही चुन्याची.

मी यंत्र लावलं. संध्याकाळी मोठ्यानं आकडा सांगितला, आणि या वेळी खरंच समजावून सांगितला. हवा आता बाहेरच्यासारखीच होती. पाण्याचंही सांगितलं. राझाफी नेनीनं शेगडी हौदाजवळ आणून ठेवली आणि म्हाताऱ्यांना सुनावलं, “माझं पोरगं जगलं तर तुमच्या पाठी शेकेल. रडू नका.”

तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. या वेळी यंत्राची पेटी त्याच्या डोक्यावर होती.

“साहुली,” तो म्हणाला. बाई नाही, काही नाही. “मी परत खोटं बोलणार नाही, म्हणून सगळं खरं सांगतो. तू मला आवडतेस. नुसती नाही... फार. पण मला तानात राहता येणार नाही. या पाण्याखेरीज मला काही येत नाही.”

“तानाला चल म्हटलं का मी?”

“नाही.”

“विचारलं तरी का?”

“नाही.”

“मग आधीच काय नाही म्हणतोस! या भागातल्या शेकडो विहिरी मोजायच्या आहेत. आंत्सिराबेला कायमचं कुणीतरी हवंय. थंडीला घाबरून कुणी जात नाही. मी नाव दिलंय.”

तो थांबला. पेटी डोक्यावर डुगडुगली. “कधी दिलंस?”

“तू फोन करायचा थांबलास त्या दिवशी. समोरासमोर भांडायचं होतं मला.”

पेटी खाली ठेवायला त्याला फार वेळ लागला नाही.

*

ऑक्टोबरात, तानात जॅकरंडा निळाजांभळा फुलला असताना, दिंबीकडची माणसं रीतसर मागणी घालायला आमच्या घरी आली. त्यांच्या बाजूनं बोलायला दिंबीचे मामा, काळी टोपी, काठी. आमच्या बाजूनं माझे मोठे काका. मी पडद्यामागे. बोलावल्याशिवाय यायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, असं आईनं बजावलेलं.

आमच्या रीतीप्रमाणे मामांनी आधी बोलण्याबद्दल क्षमा मागितली. मग वडीलधाऱ्यांसमोर उभं राहिल्याबद्दल मागितली. काकांनी त्यांची एक चूक काढली. मामांनी त्या चुकीची क्षमा मागितली. काका म्हणाले, क्षमा मागताना पाहुण्यांनी आमच्या आत्याचं नाव घ्यायचं राहिलं. मामा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. फटीतून मला दिंबी दिसत होता, नव्या कोटात अवघडून, मान खाली घालून, गुडघ्यावर हात ठेवून. नेनीला डुलकी लागली होती. मामा डोंगराचं वर्णन करत होते. काका म्हणाले, “ठीक आहे, पण आमच्या घरात लग्नाची मुलगी आहे हे पाहुण्यांना सांगितलं कुणी?”

मामांनी दीर्घ श्वास घेतला. पुन्हा सुरुवात करणार, हे मला दिसलं.

मी पडदा सारला.

“आहे,” मी म्हणाले. “मुलगी आहे, ती हीच आहे, आणि ती हो म्हणतेय. भात गार होतोय.”

आईनं कपाळावर हात मारून घेतला. नेनी दचकून जागी झाली. मामा काठीवर रेलून म्हणाले, “माझं अजून अर्धं भाषण राहिलंय.” दिंबीनं मान वर केली आणि सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत, कुणाचीही क्षमा न मागता, तो तुटक्या दातानं हसत माझ्याकडे बघतच राहिला. आणि मीही नजर खाली घातली नाही.

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वैतागून म्हणाले,

“बरं, वाढा मग.”